शाहू महाराज आणि गंगारामच्या हॉटेलातला चहा

२६ जून जवळ आला की आपल्या वस्तीत राजर्षी शाहू महाराजांचा फोटो पुसूनपासून बाहेर निघतो. हार पडतो, दोन-तीन भाषणं होतात. आरक्षणाचे जनक, वसतिगृहांचे जनक, बाबासाहेबांचे पाठीराखे एवढं सांगून वक्ते खाली बसतात, आणि मग चहा येतो. सगळे पितात. कप कोणाचा, कोणी विसळला, चहा कोणी ओतला, हे कोणी विचारत नाही. या स्मरणिकेसाठी महाराजांचं चरित्र लिहा असं मंडळानं सांगितलं तेव्हा आम्ही ठरवलं, की भाषणात जे येतं ते थोडक्यात सांगू आणि भाषणानंतरच्या त्या चहापाशी जरा जास्त वेळ थांबू. कारण महाराजांच्या समतेची खरी कसोटी कोल्हापूरच्या भाऊसिंगजी रोडवरच्या एका लहानशा चहाच्या हॉटेलात लागली, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आपण मराठवाड्याची माणसं. महाराज होते तेव्हा आपला मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, तो १७ सप्टेंबर १९४८ ला सुटला. कोल्हापूर वेगळं संस्थान, तिथला राजा वेगळा, तिथले कायदे वेगळे. आपल्या आज्या-पणज्यांच्या ओव्यांत हा राजा सहसा सापडायचा नाही. म्हणून लहान मुलांसाठी मुळापासून सांगतो.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. पाळण्यातलं नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज इंग्रजांच्या बंदोबस्तात अहमदनगरच्या किल्ल्यात १८८३ मध्ये वारले, त्यांना मूलबाळ नव्हतं. राणी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ ला यशवंतरावांना मांडीवर घेतलं आणि शाहू हे नाव ठेवलं. पोर तेव्हा दहाव्या वर्षात होतं. पुढं राजकोटला राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला फ्रेझर साहेबाच्या हाताखाली शिक्षण झालं. १८९१ साली बडोद्याच्या खानविलकरांच्या लक्ष्मीबाईंशी लग्न, आणि २ एप्रिल १८९४ ला, विसाव्या वर्षी, राज्याची सूत्रं हातात. अंगानं धिप्पाड, कुस्तीचा नाद, शिकारीचा नाद. कोल्हापूरचं खासबाग कुस्ती मैदान त्यांनीच बांधलेलं. बोलणं रांगडं, शेतकऱ्याच्या बांधावर बसून भाकरी खाणारा राजा म्हणून लोक आजही सांगतात.

सत्तेवर आल्यावर काय दिसलं? राज्य मराठ्यांचं आणि कचेऱ्या एकाच जातीच्या. शिकलेला माणूस हवा म्हटलं की तो त्याच घरातून येणार, कारण शाळा त्यांच्याच हातात. हे महाराजांना दिसत होतं, पण डोळ्यांत खुपलं ते १८९९ साली. कार्तिक महिन्यात महाराज पंचगंगेवर पहाटेच्या स्नानाला जात. स्नानाच्या वेळी मंत्र म्हणणारा पुरोहित वेदातले मंत्र न म्हणता पुराणातले म्हणत होता, आणि स्वतः आंघोळही न करता आला होता. सोबत असलेल्या राजारामशास्त्री भागवतांच्या ते ध्यानात आलं. विचारलं तेव्हा पुरोहिताचं म्हणणं पडलं, की शूद्राला वेदोक्त मंत्र चालत नाहीत. छत्रपतींच्या गादीवर बसलेला माणूस, आणि पुरोहिताच्या लेखी शूद्र! प्रकरण पेटलं. राजोपाध्यांनी वेदोक्त करायला नकार दिला तेव्हा महाराजांनी त्यांचं वतन जप्त केलं. वर्तमानपत्रं राजावर तुटून पडली.

इथं आम्हाला एक सांगावंसं वाटतं. स्वतःचा अपमान झाला की माणूस चिडतो, त्यात विशेष काही नाही. बहुतेकांचा राग आपल्यापुरता मान मिळाला की शांत होतो. मला वरच्या पायरीवर घ्या, खालचे खाली राहू द्या, हाच हिशेब. महाराजांच्या बाबतीत तसं होणं सहज शक्य होतं, आणि काही काळ लढा क्षत्रियत्वाच्या हक्काभोवती फिरलाही. शेवटपर्यंत त्यांनी वेदोक्ताचा आग्रह सोडला नाही, १९२० साली मराठ्यांसाठी क्षात्रजगद्गुरूंचं पीठही काढलं. आपण बौद्ध झालेली माणसं, आपल्याला ही वाट पटायची नाही, आणि ते स्पष्ट बोलायला हरकत नाही. पण त्याच माणसानं आपल्याला जे खुपलं ते आपल्याखालच्या माणसाला किती खुपत असेल, हे ओळखलं. चरित्राची सगळी मेख इथं आहे.

२६ जुलै १९०२ ला महाराज विलायतेत, सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी गेलेले. तिथं असतानाच कोल्हापूरच्या गॅझेटात हुकूम निघाला, की रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. पन्नास टक्के! आज आरक्षणावर तावातावानं बोलणाऱ्यांनी ही तारीख पाठ करावी. मग नुसत्या जागा ठेवून काय उपयोग, शिकलेला पोरगा कुठून आणायचा? म्हणून वसतिगृहं. १९०१ साली मराठ्यांचं, त्याच साली जैनांचं, १९०६ साली मुसलमानांचं, आणि १९०८ साली अस्पृश्यांच्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. १९०६ सालीच कोल्हापुरात शाहू मिलची पायाभरणी झाली. आम्ही गिरणीत घाम गाळलेली माणसं, म्हणून ही नोंद मुद्दाम करतो. शेतकऱ्याच्या पोराला शेताबाहेर पोट भरायची जागा हवी, हे त्या राजाला कळलं होतं. पाण्यासाठी भोगावतीवर राधानगरीचं धरण बांधायला घेतलं तेही त्याच समजुतीनं.

आता चहाकडे येऊ.

आज चहा म्हणजे गरिबाचं पेय. पण त्या काळी महाराष्ट्रात चहा नवा होता. आसामातल्या इंग्रजांच्या मळ्यांतला चहा आधी बाहेर जायचा. १९०३ मध्ये चहावर कर बसवून त्या पैशातून चहाच्या प्रसाराची समिती निघाली आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गिरण्या, कारखाने, खाणी इथं कामगाराला चहाची गोडी लावण्यात आली. म्हणजे आमच्या तिसऱ्या पाळीची झोप उडवायला चहा मुद्दाम आणला गेला, हे तरुण पोरांनी लक्षात ठेवावं. आणि नवा असला तरी चहाला जात चिकटायला वेळ लागला नाही. चहा पाण्याचा होतो, आणि पाणी हेच तर आपल्या देशात जातीचं मोजमाप. धान्य कोरडं, ते कोणाच्याही हातचं चालायचं. पाणी लागलं की विटाळ.

याचं मोठं उदाहरण पुण्याचं आहे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती पाद्र्यांनी व्याख्यानाला पुढारी मंडळींना बोलावलं आणि व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं दिली. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. कोणी प्यायले, कोणी नुसता हातात घेतला. डॉ. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली. झालं! ग्रामण्य उठलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि शेवटी रानड्यांसारख्या न्यायाधीशानं प्रायश्चित्त घेतलं. एवढी शिकलेली, सुधारणेची व्याख्यानं देणारी माणसं, आणि एका कपापुढं वाकावं लागलं. आम्ही त्यांची टर उडवत नाही. जातीचा धाक केवढा होता, ते कळावं म्हणून सांगतो. आणि तो कप तर युरोपियन पाद्र्याच्या हातचा होता. महाराच्या हातच्या कपाचं काय झालं असतं?

ते कोल्हापुरात दिसलं.

गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेत मोतद्दार होते, घोड्यांची निगा राखायचं काम. पागेत पाण्याचा हौद होता, तो मराठा नोकरांसाठी. गंगाराम त्या पाण्याला शिवले असा आरोप ठेवून त्यांना बेदम मारण्यात आलं, चाबकानं पाठ सोलून काढली. राजवाड्याची पागा, घोडे राजाचे, हौद राजाचा, चाबूकही राजाचाच. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परत आल्यावर गंगाराम त्यांच्यापुढं उभे राहिले आणि पाठ दाखवली. महाराजांनी मारणाऱ्यांना बोलावून चांगलंच सरळ केलं. राजा होता तो, त्या काळच्या रीतीनं केलं. पण नंतर जे केलं ते रीतीत कुठंच बसणारं नव्हतं. चाकरीत राहशील तोवर कोणाच्या ना कोणाच्या हाताखाली राहशील, तेव्हा स्वतःचा धंदा काढ, भांडवल मी देतो, असा सल्ला त्यांनी गंगारामला दिला.

गंगारामनी धंदा काढला तो चहाचा. कोणी किराणा काढला असता, कोणी जोडे विकले असते. महाराच्या हातचे जोडे लोकांनी घेतले असते, पायात तर घालायचे! गंगारामनी निवडला तो नेमका पाण्याचा धंदा. भाऊसिंगजी रोडसारख्या वर्दळीच्या रस्त्यावर हॉटेल मांडलं आणि नाव दिलं सत्यसुधारक. या नावात म. जोतीराव फुल्यांचा सत्यशोधक समाज ऐकू येतो. हॉटेल झाडूनपुसून लखलखीत, कपबश्या स्वच्छ. गिऱ्हाईक मात्र नाही. शेजारून जाणारा बघायचा, नाव वाचायचा, पुढं सरकायचा. महाराच्या हातचा चहा प्यायचा कसा? गंगाराम आधण ठेवून बसलेले. चहाच्या हॉटेलाचं दुःख असं, की उकळलेला चहा उद्यासाठी ठेवता येत नाही, संध्याकाळी ओतूनच द्यावा लागतो.

आमच्या वडिलांच्या गावी आम्ही हेच उलट्या बाजूनं पाहिलं. हॉटेल गावातल्याचं, गिऱ्हाईक आपण. बाहेरच्या भिंतीला कोनाडा, कोनाड्यात कान तुटलेला कप. आपला आपण काढायचा, हॉटेलवाला वरून चहा सोडणार, प्यायचा, विसळायचा, परत ठेवायचा, आणि पैसे ओट्यावर टाकायचे. पैशाला विटाळ नव्हता. हे आम्ही स्वातंत्र्यानंतरचं सांगतो आहोत, आमच्या स्वतःच्या लहानपणचं.

हॉटेल चालत नाही हे महाराजांच्या कानावर गेलं. तेव्हा ते फौजफाटा घेऊन धमकी द्यायला निघाले नाहीत. गाडीत बसून नेहमीसारखे फेरफटक्याला निघाले, सोबत नेहमीची मंडळी, त्यात ब्राह्मण होते, मराठे होते, अधिकारी होते. गाडी गंगारामच्या हॉटेलापुढं थांबवली आणि भर रस्त्यात मोठ्यानं चहा मागवला. गंगारामनी चहा आणला. महाराज प्यायले, आणि सोबतच्यांनाही प्यायला लावला. राजानं कप तोंडाला लावल्यावर बाकीच्यांना नाही कसं म्हणता येणार? रस्त्यावर बघ्यांची गर्दी. ज्या हातानं हौदाला शिवल्याबद्दल मार खाल्ला, त्याच हातचा चहा छत्रपतींच्या पोटात गेला. कुठलं प्रायश्चित्त नाही, कुठलं गोमूत्र नाही.

भाषणात ही गोष्ट इथंच संपते, टाळ्या पडतात. आम्हाला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. तो समजावा म्हणून एका वेगळ्याच चहाची हकिकत सांगतो. वाचकांनी थोडा धीर धरावा.

मध्यंतरी आपल्या उस्मानपुऱ्यातला एक मुलगा कंपनीच्या कामानं तैवानला जाऊन आला. येताना तिकडच्या ऊलाँग चहाची पुडी घेऊन आला. पाहिलं तर हिरवट काळ्या गोळ्या, वटाण्याच्या डाळीएवढ्या. आपल्या गोळीदार चहासारखा हा नाही. आपला चहा सी. टी. सी., म्हणजे पान चिरडून, फाडून, वळून केलेला. ते यंत्र आसामात १९३० च्या सुमारास निघालं. ऊलाँगमध्ये पान अख्खं असतं. तोडलेली पानं उन्हात आणि सावलीत सुकवतात, मग हलवून हलवून त्यांच्या कडा दुखावतात. कडा तांबूस होऊ लागल्या की गरम कढईत घालून ते थांबवतात आणि पानं वळतात. म्हणजे हिरवा चहा आणि आपला काळा चहा यांच्या मधला हा.

त्या मुलानं तिकडची रीत शिकून घेतली होती. वाटीएवढी किटली, त्यात पाच-सात ग्रॅम पत्ती, उकळतं पाणी. पहिलं पाणी लगेच फेकून दिलं, ते नुसतं पत्ती जागी करायला. मग पाणी घालायचं, वीस-तीस आकडे मोजायचे, इवल्या पेल्यांत ओतायचं. दूध नाही, साखर नाही. पहिला पेला घेतला, फुलाचा वास आला, चवीला मात्र कोमट पाणी. महिला मंडळाच्या एक आक्का म्हणाल्या, की याला चहा म्हणायचं तर आमच्या भांडी धुतल्या पाण्याला काय म्हणायचं. सगळे हसले. दुसऱ्यांदा पाणी घातलं तेव्हा रंग आला, कोवळ्या मक्याच्या कणसासारखी चव लागली. तिसऱ्याला गोळ्या उलगडल्या, जिभेवर थोडं तुरट आणि मागून घशात गोड. चौथा पेला सगळ्यांत चांगला, त्यावर आक्कांनी पुन्हा मागितला. पाचव्या-सहाव्याला जोर उतरला, पण ती गोडी शेवटपर्यंत राहिली. किटली उपडी केली तर आत देठासकट अख्खी पानं, दोन-तीन एका देठाला. एवढ्याशा गोळीत एवढं पान मावलं होतं.

आमच्या घरी आई चोथा फेकायची नाही, दुपारी तोच पुन्हा उकळायची. दुसऱ्या वेळी रंग यायचा, चव नाही. आम्हाला वाटायचं एकाच पत्तीला पुन्हा पाणी घालणं म्हणजे दारिद्र्य. तिकडं चांगल्या पत्तीची पारखच तशी करतात, किती पाण्यांपर्यंत ती टिकते यावर. या चहाच्या एका नामांकित जातीचं नाव आहे तिएग्वानयिन. ग्वानयिन म्हणजे आपले अवलोकितेश्वर, चीनमध्ये गेल्यावर त्यांना हे नाव पडलं. आपल्या विद्यापीठामागच्या औरंगाबाद लेण्यांत ७ नंबरच्या लेणीत ते उभे आहेत, भोवती आग, साप, हत्ती, बुडती नाव अशा संकटांत सापडलेली माणसं कोरली आहेत. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी मुलांना घेऊन जावं, रिक्षानं अर्ध्या तासाचं काम आहे.

तर आम्ही काय सांगत होतो, राजाचा एक कप. एकदा प्यायला की लोक म्हणतात राजाची लहर. निवडणुकीच्या दिवसांत आपल्याही वस्तीत पुढारी येऊन एका घरी चहा पिऊन, फोटो काढून जातात, पुढच्या पाच वर्षांत त्या घराचा जिना चढत नाहीत. तो पहिला पेला, त्यात वास असतो. गंगारामच्या हॉटेलात महाराज पुन्हा गेले. मग पुन्हा. फेरफटक्याला निघाले की गाडी तिथं थांबायची आणि चहाची हाळी जायची. सोबतची माणसं दर वेळी वेगळी, प्रत्येकाला कप घ्यावा लागायचा. पहिल्या वेळी ज्यानं नाक मुरडून घोट गिळला असेल, त्याला तिसऱ्या-चौथ्या वेळी बशीत ओतून फुंकत पिताना आम्ही डोळ्यांपुढं आणू शकतो. कामासाठी मागं लागलेल्यांना महाराज त्या हॉटेलात बोलावून घेत आणि चहा पाजून मगच कागद हातात घेत, असंही कोल्हापूरकडचे लोक सांगतात. पुढं गंगारामला सोडावॉटरचं यंत्र घेऊन दिलं असंही सांगतात. गिऱ्हाईक हळूहळू यायला लागलं. राजाच्या वरदहस्ताखाली का असेना, एका महाराचं हॉटेल भर बाजारात चाललं.

यात जबरदस्ती होती का? होती. राजानं पाजलेला चहा नाकारायची कोणाची छाती नव्हती, त्यामुळे त्यातल्या किती जणांचं मन बदललं ते कळायला मार्ग नाही. काही जण घरी जाऊन आंघोळ करत असतील. पण आमचा अनुभव असा आहे, की मन बदलेपर्यंत थांबा म्हणणारे शंभर वर्षं थांबवतात. गिरणीत जेवणाच्या सुट्टीत आमच्या डब्याला डबा लावायला आधी कोणी तयार नव्हतं. सगळ्यांची जागा एक झाली, बाकडं एक झालं, मग चार महिन्यांत लोणच्याची देवाणघेवाण सुरू झाली.

महाराजांचे हुकूमही असेच एकामागून एक, एकाच पत्तीवर पुन्हा पुन्हा पाणी घालावं तसे. १९१७ साली सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण. त्याच साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा. १९१८ मध्ये महार वतनं खालसा करून जमिनी रयताव्याने त्या माणसांच्या नावावर, म्हणजे वतनाच्या नावाखाली गावाची फुकट राबणूक संपली. त्याच साली गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची रोजची हजेरी बंद. १९१९ साली आंतरजातीय विवाहाचा कायदा. त्याच वर्षी सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, कचेऱ्या, शाळा इथं अस्पृश्यता पाळायची नाही असा आदेश, आणि अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलं सगळ्यांच्या शाळेत. १९२० साली वेठबिगार बंद. अस्पृश्य तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या, हत्तीवर माहूत म्हणून आणि गाडीवर हाकणारे म्हणून अस्पृश्य नेमले. कागदावरचा हुकूम आणि गंगारामचा कप, दोन्ही एकाच माणसाच्या हातून चालले होते. नुसता हुकूम काढला असता तर कारकुनांनी दाबून टाकला असता, आणि नुसता चहा घेतला असता तर महाराजांच्या माघारी काही उरलं नसतं.

याच दिवसांत बाबासाहेबांची गाठ पडली. बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. परदेशातल्या पदव्या घेऊन आलेला माणूस, पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला हात लावला म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. बघा, कोल्हापूरच्या पागेत हौद आणि मुंबईच्या कॉलेजात पाण्याचं भांडं. महाराज स्वतः परळच्या चाळीत बाबासाहेबांच्या घरी गेले. ३१ जानेवारी १९२० ला मूकनायक निघाला त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. २१ आणि २२ मार्च १९२० ला कागल जहागिरीतल्या माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली, अध्यक्ष बाबासाहेब. महाराज शिकारीच्या निमित्तानं तिकडं आले आणि जमलेल्या लोकांना सांगितलं, की तुम्हाला तुमचा पुढारी सापडला आहे. बाबासाहेब तेव्हा एकोणतीस वर्षांचे पूर्ण व्हायचे होते! त्याच परिषदेत महाराजांचा जन्मदिवस सणासारखा साजरा करावा असा ठराव झाला. २६ जूनला आपण हार घालतो त्याचं मूळ तिथं आहे. पुढं मे महिन्याच्या अखेरीस नागपूरला अखिल भारतीय बहिष्कृत परिषद झाली, तिचे अध्यक्ष महाराज होते.

यानंतर फार दिवस मिळाले नाहीत. मधुमेहानं आणि हृदयविकारानं शरीर पोखरलं होतं. ६ मे १९२२ ला मुंबईत महाराज गेले. वय अठ्ठेचाळीसही पुरं नाही. बाबासाहेब तेव्हा शिक्षणासाठी परदेशी होते.

कोल्हापुरात महाराजांचं स्मारक व्हावं म्हणून अस्पृश्य समाजातून जे पुढं आले, वर्गणी गोळा केली, त्यांत गंगाराम कांबळे होते. पागेतला मोतद्दार, हॉटेलवाला, आणि आता राजाच्या स्मारकासाठी दारोदार फिरणारा कार्यकर्ता. त्यांच्या वर्गणीत गिऱ्हाइकांनी ओट्यावर ठेवलेले चहाचे पैसेही असणार.

महाराज गेल्यावर पाच वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तिथं कोणी राजा गाडी थांबवून उभा नव्हता. लोक स्वतः गेले, स्वतः प्यायले, आणि परतताना डोकी फोडून घेतली. आणि २६ जानेवारी १९५० ला संविधान अमलात आलं, त्याचं पंधरावं कलम काढून बघावं. विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांच्याबरोबर दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचीही तिथं नावानिशी नोंद आहे. स्मरणिका हातात पडल्यावर मुलांकडून ते कलम मोठ्यानं वाचून घ्यावं, विहाराच्या कपाटात संविधानाची मराठी प्रत आहे.